धुतलेलं सोनं

ठोके नोंदवायच्या ड्रमवर गुंडाळलेला चकचकीत कागद आनंदरावांनी धुराच्या ज्योतीवर धरला आणि ड्रम सावकाश फिरवू लागले. काजळी बसत गेली. एका कडेला ती जाड होते आहे असं दिसल्यावर त्यांनी वात खाली केली. काजळी जाड झाली की सुई अडते, पातळ राहिली की रेघ दिसत नाही. मेडिकल कॉलेजच्या फिजिऑलॉजी विभागात चौदा वर्षं हेच काम करून त्यांचा हात बसला होता. नव्या डॉक्टरांना ते नुसतं कागदाकडे बघून आज रेघ कशी येईल ते सांगत.

टेबलापलीकडे डॉक्टर चारुलता वाकून बेडकाच्या हृदयाच्या टोकाला बारीक आकडा अडकवत होत्या. बेडूक केव्हाच मेला होता. हृदय मात्र काचेच्या नळीला टांगलेलं, वरच्या बाटलीतून येणाऱ्या खारट पाण्यावर चाललं होतं. आकड्याचा दोरा तरफेच्या काडीला बांधलेला, आणि काडीच्या टोकाची सुई ड्रमला टेकलेली.

"घ्या, आनंदराव."

त्यांनी ड्रम जागेवर बसवून बटण दाबलं. काळ्या कागदावर पांढऱ्या टेकड्या उमटू लागल्या. एक ठोका, एक टेकडी. पाच मिनिटं तसंच जाऊ दिल्यावर चारुलतांनी पहिल्या बाटलीची तोटी बंद केली आणि दुसरीची उघडली. दुसऱ्या बाटलीतलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. ते नळीतून उतरून हृदयात शिरलं आणि टेकड्या बसू लागल्या. तिसऱ्या मिनिटाला त्या गव्हाच्या दाण्याएवढ्या झाल्या. पाचव्या मिनिटाला नुसती थरथरती रेघ राहिली.

"आता कॅल्शियम."

आनंदरावांनी ड्रॉपरने चार थेंब टाकले. थोड्या वेळाने टेकड्या परत उठल्या.

"नऊपैकी नऊ," असं म्हणून चारुलता वहीत लिहू लागल्या. आनंदरावांनी काजळीचा कागद सोडवला आणि रेघ पक्की करायला लाखेच्या पातळ रोगणात बुडवला. कागद वाळत टाकताना पाहिलं तर कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा ठसा उठला होता. असं त्यांच्याकडून कधी होत नसे.

लाल पाणी म्हणजे सोनं होतं. डिसेंबरात ते पहिल्यांदा तयार केलं तेव्हा आनंदरावच शेगडीजवळ उभे होते. गोल्ड क्लोराइडचं पिवळसर पाणी उकळलं, त्यात सायट्रेटची पांढरी पूड विरघळवून टाकली. पाणी आधी बिनरंगी झालं, मग शाईसारखं काळपट, आणि बघता बघता लाल. हे सोनं का, असं त्यांनी विचारलं होतं. चारुलता म्हणाल्या होत्या की सोनंच, फक्त कण इतके बारीक की पिवळे दिसत नाहीत. मीठ लागलं की ते कण एकमेकांना चिकटून पाणी निळं पडायचं, म्हणून आधी चिमूटभर जिलेटिन घालावं लागे.

विषय विभागाच्या सरांनी दिला होता. वैद्य लोक हृदयासाठी सुवर्णभस्म देतात, तर सोन्याच्या बारीक कणांनी हृदयाचं नेमकं काय होतं ते पाहा, एवढंच. चारुलतांच्या एम.डी.चा प्रबंध त्यावर होता आणि एप्रिलअखेर तो द्यायचा होता. त्यांचं म्हणणं आनंदरावांना चांगलं समजलं होतं. प्रत्येक पेशीच्या पडद्यात बारीक दारं असतात. ठोक्याच्या वेळी ती उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत जातं आणि स्नायू आवळतो. सोन्याचे कण त्या दारांत अडकत असावेत. कॅल्शियम आत गेलं नाही तर आवळायचं कशानं? बाहेर कॅल्शियम जास्त झालं की ते रेटून आत जातं, म्हणून चार थेंबांनी ठोका परत येतो.

हे त्यांनी सांगितलं त्या दिवशी घरी जाऊन आनंदराव जेवले नाहीत. त्यांच्या बायकोला, सिंधूला जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

सिंधूच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापानं आकसली होती. बावीस वर्षांच्या संसारात ती दम लागतो म्हणून जिन्यात थांबायची, त्यापलीकडे काही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात पाय सुजायला लागले. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मुंबईला न्या, पावसाळा संपायच्या आत न्या. तिथे छाती उघडून हृदयात बोट घालतात आणि झडप मोकळी करतात. आनंदरावांनी आजवर किती हृदयांना दोरा बांधला असेल त्याची गणती नव्हती. ती चिमटीत धरली की कशी निसटतात, आणि नळी एवढीशी जास्त आत गेली की कशी थांबतात, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून ते रोज सकाळी सिंधूला विचारायचे, जायचं का मुंबईला? ती म्हणायची, बघू.

मग सिंधूची थोरली बहीण रुखमाबाई हुडकेश्वरहून आली आणि महाल भागातल्या एका वैद्याचं नाव घेऊन आली. सुवर्णभस्माच्या एकेचाळीस पुड्या. रोज सकाळी आनंदराव सहाणेवर मधात पुडी खलायचे आणि सिंधू ती त्यांच्या बोटावरून चाटून घ्यायची. एकेचाळीस दिवस मुंबईचा विषय निघाला नाही. चाळिसाव्या दिवशी दसरा होता. दीक्षाभूमीवर गर्दीत जाऊ नको म्हटलं तरी ती गेली, पांढरं लुगडं नेसून, रिक्षातून. त्यानंतर बाराव्या दिवशी, सकाळी भाजी निवडता निवडता ती गेली.

त्यानंतर रुखमाबाई एकदाच घरी आली होती, आणि उंबऱ्याशी बसून गेली.

आता प्रयोगाचा प्रत्येक कागद आनंदराव वाळवायचे, कापायचे, पाठीमागे तारीख घालून फायलीत लावायचे. टेकड्या बसत जाताना ते बघायचे, तेव्हा सहाणेवरचा मध आठवायचा. चारुलतांना त्यांनी एकदा सहज विचारलं होतं की भस्मातले कणही असेच असतात का. थोडे मोठे असतील, पण जात तीच, असं त्या म्हणाल्या होत्या. बेडकाचं हृदय म्हणजे माणसाचं नाही हे आनंदरावांनाही कळत होतं. पण त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

बेडूक आणायचं काम नत्थूचं होतं. तो मासे धरणारा ढिवर, अंबाझरी तलावावरून दर शनिवारी ओल्या गोणपाटात दहा-बारा बेडूक घेऊन यायचा. थंडीत बेडूक मिळत नाहीत, चिखल उकरावा लागतो, म्हणून कुरकुरत यायचा. विभागात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. आनंदराव बेडूक धरून देत, पण मारत नसत. मानेत सुई डॉक्टरांनी घालायची. छप्पन साली आनंदराव चोवीस वर्षांचे होते. धम्मदीक्षेच्या वेळी वडिलांच्या मागे उभं राहून त्यांनी पाच शीलं घेतली होती, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. नोकरी ही अशी. तेव्हा त्यांनी स्वतःपुरती एक सीमा आखून घेतली होती. सरही कधी आग्रह करत नसत. नत्थूला मात्र त्याची गंमत वाटायची.

"तू धरते अन् मॅडम टोचते," तो एका शनिवारी टाकीत बेडूक सोडताना म्हणाला. "पाप कोनाच्या खात्यात जाते गा आनंदराव?"

"जो तळ्यातून पकडून आनते त्याच्या."

"मंग माह्यं तर नरकात घरच बांधून असन."

"बांधलं असन तर एक खोली मले ठेव," आनंदराव म्हणाले. नत्थू हसत गेला.

नवव्या प्रयोगानंतरच्या सोमवारी नवं लाल पाणी करायचं होतं. आनंदराव तराजूवर सायट्रेट तोलत होते. पूड कागदावर पडत होती आणि त्यांचा हात मधेच थांबला.

या विभागात यायच्या आधी त्यांनी सहा वर्षं रक्तपेढीत बाटल्या धुतल्या होत्या. रक्त घ्यायच्या प्रत्येक बाटलीत आधी हीच पूड पाण्यात मुरवून घातलेली असे. तिथले डॉक्टर दर वर्षी नव्या पोरांना तेच सांगत. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, कॅल्शियम मोकळं नसलं की रक्त गोठत नाही. आनंदरावांनी ते शंभरदा ऐकलं होतं, बाटल्यांच्या खळखळाटात.

त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून पाहिलं. ताडून बघायला जी साधी बाटली घेत, तिच्यात खारट पाणी होतं, जिलेटिन होतं, शुद्ध पाणी होतं. सायट्रेट नव्हतं. सोन्याच्या बाटलीत होतं.

दुपारी चहाच्या वेळी त्यांनी चारुलतांकडे विषय काढला. सरळ सांगितलं नाही, नुसतं विचारलं, मॅडम, ती पूड शेवटी पाण्यात उरत असेल का? चारुलता फायलीतले कागद मोजत होत्या. सायट्रेट सोनं घडवण्यातच खर्च होतं, असं त्या म्हणाल्या, मग हसून म्हणाल्या की आता महिना राहिला आहे, आता नव्या शंका नकोत. आनंदराव हो म्हणाले. एखादा दुसरा असता तर तिथेच थांबला असता. तेही थांबले असते, जर प्रश्न प्रबंधाचा असता तर.

त्यांनी खालच्या बायोकेमिस्ट्रीतून हातभर सेलोफेनची नळी मागून आणली. जिलेटिन घातलेलं थोडं लाल पाणी तिच्यात भरून दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधली आणि ती पिशवी शुद्ध पाण्याच्या बादलीत सोडली. सेलोफेनमधून विरघळलेली पूड बाहेर जाते, सोन्याचे कण जात नाहीत. सकाळ-संध्याकाळ त्यांनी पाणी बदललं. कुणी विचारलं तर सांगायचं म्हणून एक उत्तर ठरवून ठेवलं होतं, पण कुणी विचारलं नाही. पाच दिवसांनी पिशवीतलं पाणी पहिल्यासारखंच लाल होतं.

रविवारी सकाळी आठ वाजता त्यांनी विभाग उघडला. चाव्या त्यांच्याकडेच असत. खारट पाणी नव्यानं केलं. मीठ, पोटॅशियम, सोडा, आणि सगळं विरघळल्यावर शेवटी कॅल्शियम, हळूहळू ढवळत, कारण घाई केली तर पाणी दुधाळ होतं. तीन बाटल्या लावल्या. एक साधी. दुसरीत सायट्रेट, सोनं नाही. तिसरीत धुतलेलं सोनं. कागदाला काजळी धरली.

मग ते टाकीपाशी गेले आणि हात पाण्यात घालून उभे राहिले. बराच वेळ. एक बेडूक त्यांच्या मनगटाला पाय लावून वर आला. त्यांनी त्याला फडक्यात गुंडाळला, अंगठ्यानं डोकं खाली दाबलं, मानेवरची खाच नखानं चाचपली आणि सुई घातली. हजारदा पाहिलेलं काम होतं. अवघड गेलं नाही. ते अवघड गेलं नाही हेच त्यांना जरा वेळ लागून राहिलं.

हृदय चांगलं चाललं. साध्या पाण्यावर टेकड्या सारख्या उंचीच्या आल्या. सायट्रेटच्या बाटलीची तोटी उघडली तशा त्या बसल्या. तीन मिनिटांत गव्हाचा दाणा, पाच मिनिटांत रेघ. कॅल्शियमचे चार थेंब टाकले, टेकड्या उठल्या. फायलीतला कुठलाही कागद शेजारी ठेवला असता तर वेगळा ओळखू आला नसता.

त्यांनी हृदय साध्या पाण्यानं धुऊन घेतलं, वीस मिनिटं जाऊ दिली आणि तिसरी तोटी उघडली. लाल पाणी नळीतून उतरलं. हृदयाच्या पातळ भिंतीतून त्याचा रंग दिसत होता, भरताना गडद, आवळताना फिका. ते सुईकडे बघत राहिले. पाच मिनिटं. दहा. ड्रमचा फेरा पूर्ण झाला तेव्हा त्यांनी तो थोडा खाली सरकवून पुन्हा सुरू केला. अर्धा तास त्या हृदयातून सोनं वाहत होतं आणि टेकड्या जशाच्या तशा येत होत्या. हृदयाला त्याची दखलच नव्हती.

एकावर विश्वास ठेवायचा नसतो, हे त्यांना याच विभागानं शिकवलं होतं. त्यांनी दुसरा बेडूक काढला. तेच आलं.

दोन्ही कागद रोगणातून काढून वाळत घातले आणि ते स्टुलावर बसले. आपल्याला हलकं वाटेल असं ते धरून चालले होते. पुडीनं तिचं काही बिघडवलं नव्हतं. ते बसून त्याची वाट पाहत राहिले. मग हिशोबासारखं एकेक ओळीनं दिसायला लागलं. पुडीनं काही बिघडवलं नाही, कारण पुडीनं काहीच केलं नाही. एकेचाळीस दिवस तिनं मध चाटला. पावसाळा त्याच दिवसांत संपला.

सोमवारी त्यांनी चारुलतांच्या टेबलावर दोन्ही कागद ठेवले आणि काय काय केलं ते क्रमानं सांगितलं. बेडूक कोणी मारले, तेही सांगितलं. दुसरा कागद चारुलतांनी खिडकीपाशी नेऊन पाहिला. त्यांची मान पाठमोरी होती, वेणी खांद्यावर आलेली. वर्षभर त्या धंतोलीहून सकाळी सातला येऊन संध्याकाळी सातला जात होत्या.

"तुम्ही हे मला एप्रिलनंतर सांगू शकला असता," त्या म्हणाल्या.

"तोवर मले थांबता नसतं आलं, मॅडम."

"तुम्हाला? तुम्हाला का?"

त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. चारुलता कागद हातात घेऊनच खुर्चीवर बसल्या. सिंधूचं जाणं त्यांना ठाऊक होतं, तेव्हा त्या घरीही येऊन गेल्या होत्या. भस्माचं ठाऊक नव्हतं.

"आणि मी तुमच्याकडून नऊ वेळा..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग कागद टेबलावर ठेवून म्हणाल्या, "म्हणजे सोन्यानं त्यांना काही झालं नाही. निदान तुम्ही तरी सुटलात."

आनंदराव हो म्हणाले. दुसरं सांगायला त्यांना शब्द जमवावे लागले असते.

चारुलतांनी तोच प्रयोग स्वतःच्या हातानं चार बेडकांवर केला आणि गुरुवारी त्या सरांकडे गेल्या. दार बंद होतं तरी सरांचा आवाज व्हरांड्यात येत होता. शेवटी ठरलं असं की जे आलं तेच लिहायचं, शीर्षक बदलायचं आणि परीक्षा ऑक्टोबरला द्यायची. म्हणजे त्यांचे सहा महिने वाया गेले. दोन दिवस त्या आनंदरावांशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी विचारलं की सेलोफेनची नळी अजून किती मिळू शकेल.

पुढच्या रविवारी आनंदराव सायकलवर हुडकेश्वरला गेले. शहर मागे पडल्यावर रस्ता कच्चा होता, दोन्ही बाजूंनी हरभऱ्याची काढलेली शेतं. जाताना त्यांनी बोलायचं ठरवलं होतं. वैद्याचं नाव रुखमाबाईनं आणलं होतं. ती घरी येत नाही, समोर उभी राहत नाही, ती त्याचमुळे. तिला सांगून टाकायचं की बाई, त्या पुड्यांनी काही झालं नाही, तुमच्या मनावर ओझं ठेवू नका. निदान एका माणसाचं तरी यातून काही निघावं.

रुखमाबाई अंगणात बसून चिंचा फोडत होती. पुढे सूप, बाजूला चिंचोक्यांचा ढीग. त्यांना बघून तिनं पदर सारखा केला, उठून पाणी आणून दिलं आणि बाज पुढे सरकवली. नातवंडांची चौकशी झाली. सिंधूच्या मुलीचं, जी भंडाऱ्याला दिली होती, तिचं पत्र आलं का हे विचारून झालं. मग आनंदरावांनी सांगितलं. बेडूक, बाटल्या, लाल पाणी, सगळं, जेवढं सोपं करता येईल तेवढं. रुखमाबाई चिंच फोडत ऐकत होती.

"तुमचा दोष नाही, बाई," ते शेवटी म्हणाले. "तुमी वैद्य सुचवला म्हनून काही झालं नाही."

तिनं हातातला दगड खाली ठेवला.

"मी नाही सुचवला."

"तुमीच तर नाव घेऊन आल्या होत्या."

"आली होती. तिनं धाडलं म्हनून आली होती." तिनं पदरानं हात पुसले. "पोळ्याच्या आठ दिस आधी ती इथंच होती ना, दोन दिवस. तवा म्हने, बाई, एखांदा वैद्य पाहा. कोनताबी पाहा. अन् तू सांगतलं असं सांग, मी सांगतलं असं नोको सांगू."

आनंदरावांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला होता.

"काहून?"

रुखमाबाई त्यांच्याकडे बघत नव्हती. तिनं एक चिंच उचलली, तिच्या शिरा ओढून काढल्या, बाजूला ठेवल्या.

"ते तुमाले आता सांगून का फायदा, जवाईबापू? म्हनूनच मी येत नोव्हती. आली असती तं तोंडातून निंगून गेलं असतं."

"सांगा."

"म्हने, रोज सकाळी मले पुसते, जाचं का मुंबईले. मी जाऊ म्हटलं का त्यायचा चेहरा पाहावत नाही. नाही म्हटलं का दिवसभर घरात तसेच फिरते. त्यायच्या हाताले काहीतरी काम पाहिजे बाई, म्हने. पुड्या देईन तं रोज उठून खलत बसतीन, तेवढं बरं वाटन त्यायले." तिनं चिंचोका ढिगावर टाकला. "हासत होती सांगताना. तुमाले तं तिचं हासनं माहीत आहे."

गोठ्यात गाय उठून उभी राहिल्याचा आवाज आला. आनंदरावांनी पेला खाली ठेवला.

"ती भीत होती का?" त्यांनी विचारलं. "ऑपरेशनले?"

"भीत होती. कोन भीत नाही?" रुखमाबाई म्हणाली. "पन तुमी जास्त भीत होते."

मग ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. आनंदराव बाजेवरून उतरून खाली बसले, सूप आपल्याकडे ओढलं आणि दगड हातात घेऊन एक चिंच फोडली.